दिसलेली सेवा
पहिल्या महायुद्धातील स्वयंसेविकांच्या छायाचित्रांचा एक मोठा संग्रह लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे, आणि तो ठरवून जमवलेला आहे. मार्च १९१७ मध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळाने या संग्रहालयाला मान्यता दिली. थोड्याच दिवसांत स्त्रियांच्या युद्धकार्याची नोंद ठेवण्यासाठी वेगळी उपसमिती नेमली गेली. लेडी नॉर्मन अध्यक्षा होत्या, अ‍ॅग्नेस कॉनवे चिटणीस. युद्ध चालू असतानाच त्याचे पुरावे गोळा करण्याच्या या उद्योगातून एक जुना धार्मिक प्रश्न नव्याने उभा राहतो. सेवा निरपेक्ष असावी असे एकीकडे मानायचे आणि दुसरीकडे तिचे छायाचित्र काढून जपायचे, हे दोन्ही एकत्र नांदते का?

ख्रिस्ती परंपरेत हा पेच बायबलातच आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील गिरिप्रवचन एका ठिकाणी सत्कृत्ये लोकांना दिसू द्या असे सांगते. पुढच्याच अध्यायात दानधर्म कुणाच्या नजरेस पडू नये इतका गुप्त ठेवण्याची आज्ञा आहे. संत ऑगस्टीनने दोन्हींचा मेळ हेतूत शोधला: लोकांनी पाहण्यात दोष नाही, लोकांच्या स्तुतीसाठी करण्यात आहे. गीतेतही हे दोन्ही पदर सापडतात. सतराव्या अध्यायानुसार मानसन्मानासाठी दंभाने केलेले तप राजस ठरते. तिसऱ्या अध्यायात मात्र लोकसंग्रहासाठी कर्म करावे असे सांगितले आहे, कारण श्रेष्ठ माणूस जे करतो त्याचे इतर अनुकरण करतात; आणि अनुकरण व्हायचे तर कर्म दिसायला हवे. लोकसंग्रहाच्या या बाजूवर भर देणारे टिळकांचे ‘गीतारहस्य’ याच महायुद्धाच्या काळात, १९१५ साली, प्रसिद्ध झाले.

तत्त्व म्हणून हेतूचे उत्तर पटते. छायाचित्रासमोर ते फारसे कामाला येत नाही, कारण कॅमेऱ्याला हेतू दिसत नाही. त्याला दिसतात ते हात, गणवेश आणि चेहरा.

बेल्जियममधील पर्व्हीझ गावचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. एल्सी नॉकर आणि मेरी चिझम या दोघी मोटारसायकलवेड्या मैत्रिणी १९१४ च्या शरद ऋतूत एका रुग्णवाहिका पथकाबरोबर तिथे गेल्या. नॉकर शिकलेली परिचारिका होती. चिझम जेमतेम अठरा वर्षांची. रुग्णालयापर्यंतच्या प्रवासातच जखमी सैनिक दगावतात हे पाहून त्यांनी आघाडीलगतच्या एका पडक्या घराच्या तळघरात मलमपट्टीचे ठाणे मांडले. त्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांतून गाजली, आणि त्या स्वतःही कॅमेरा बाळगून होत्या. हे प्रसिद्धीचे वेड म्हणून सहज मोडीत काढता येईल. पण ठाण्याचा खर्च देणग्यांवर चालत होता. तळघर ज्यांनी पाहिले नाही ते त्यासाठी पैसे देणार नव्हते. इथे प्रसिद्धी हे सेवेचे फळ नव्हतेच. बँडेज आणि औषधांइतकेच तेही एक साधन होते. या दोघींना प्रसिद्धी आवडतही असेल. तेवढ्याने जखमीच्या दंडावर बांधलेली पट्टी सैल होत नाही.

ऑलिव्ह एडिसच्या छायाचित्रांत प्रश्न वेगळे वळण घेतो. नॉरफकमधील शेरिंगम इथे स्टुडिओ चालवणाऱ्या या छायाचित्रकार बाईला उपसमितीने फ्रान्स आणि फ्लँडर्सला पाठवायचे ठरवले. लष्कराची परवानगी लांबत गेली आणि ती निघाली मार्च १९१९ मध्ये, युद्धविराम होऊन चार महिने लोटल्यावर. नॉर्मन आणि कॉनवे बरोबर होत्या. तिच्याकडे काचेच्या प्लेटा वापरणारा अवजड कॅमेरा होता आणि भर शक्यतो खिडकीतून येणाऱ्या उजेडावर. अशा कॅमेऱ्यापुढे समोरच्या व्यक्तीला क्षणभर हातचे काम थांबवून स्थिर राहावे लागते. त्यामुळे रुग्णवाहिकेच्या चालक, परिचारिका, कचेरीत टेबलामागे बसलेल्या अधिकारी स्त्रिया आपापल्या कामाच्या जागी दिसतात खऱ्या, पण त्यांना आपण पाहिले जात आहोत याची पूर्ण जाणीव आहे. चोरून टिपलेले चित्रच खरे, असा एक समज रूढ आहे. एडिसची चित्रे तो डळमळीत करतात. कामाचा निवांत अभिमान चेहऱ्यावर असणे आणि त्या अभिमानासाठी काम करणे यांत अंतर आहे, आणि तिच्या चांगल्या चित्रांत पहिली गोष्ट दिसते.

या अभिमानाला एक सामाजिक कारणही होते. १९१७ साली उभ्या केलेल्या स्त्रियांच्या लष्करी साहाय्यक दलाविषयी अनैतिकतेच्या इतक्या कंड्या पिकल्या की १९१८ मध्ये चौकशी करावी लागली. बदनामी झालेल्या कामाला गुप्त राहण्याचा सल्ला देणे सोपे असते. तो सल्ला देणाऱ्याचे काही जात नाही.

स्वयंसेवेच्या चित्रांतून काय सुटते हेही पाहिले पाहिजे. १९०९ साली सुरू झालेल्या स्वयंसेवी साहाय्य पथकांत १९१४ च्या उन्हाळ्यात सुमारे ७४,००० सदस्य होते आणि त्यांतल्या दोन तृतीयांश स्त्रिया व मुली. बिनपगारी काम परवडणाऱ्या मध्यम आणि वरच्या वर्गांतल्या बायका त्यांत पुष्कळ होत्या. मजुरी घेऊन तोफगोळे भरणाऱ्या कामगार स्त्रीचे श्रम कमी नव्हते, जोखीम तर मुळीच कमी नव्हती. निरपेक्षतेची कसोटी पगारावर लावली की त्याग हा खात्यापित्या घरांचाच गुण ठरतो. आझाद हिंद सेनेच्या राणी झाशी रेजिमेंटची गोष्टही विचारात घेण्यासारखी आहे. १९४३ मध्ये सिंगापुरात उभ्या राहिलेल्या या पथकात मलायातल्या मळ्यांवरील तमिळ मजूर कुटुंबांतल्या मुली मोठ्या संख्येने होत्या. त्यांची प्रसिद्ध छायाचित्रे बंदुकीसह संचलनाची आहेत. ब्रह्मदेशात मेम्यो इथे त्यांच्यातील अनेकींनी केलेली जखमींची शुश्रूषा त्या मानाने डोळ्यांपुढे येत नाही. पंगतीत वाढणारा दिसतो, चुलीपाशी बसलेली दिसत नाही, तसेच हे.

सिमोन वेलने हा सगळा प्रश्न उलट्या बाजूने धरला. दुसऱ्या महायुद्धात या फ्रेंच तत्त्वज्ञ स्त्रीने एक योजना मांडली: थोड्याशा परिचारिकांना थेट लढाईच्या तोंडावर पाठवावे, मरणाची तयारी ठेवून. काही जखमी वाचतील हा एक उद्देश. पण तिच्या लेखी कृतीचे प्रतीकमूल्यही तितकेच मोठे होते. नाझींच्या एसएस दलाने मृत्यूला न भिणाऱ्या क्रौर्याचे चित्र जगापुढे ठेवले होते. त्याच्यासमोर मृत्यूला न भिणाऱ्या करुणेचे चित्र हवे, असा तिचा युक्तिवाद होता. विशेष म्हणजे वेलने गीता वाचली होती आणि १९४१ च्या सुमारास मार्सेयमध्ये ती संस्कृत शिकत होती. फलाशा सोडण्याचा आग्रह धरणारी स्त्रीच सेवेने दिसले पाहिजे असे म्हणते, यात विसंगती नाही. दिसण्याचा लाभ परिचारिकेला नव्हे, पाहणाऱ्याला व्हायचा होता. फ्रेंच नेते द गोल यांच्या गोटात योजना वेडगळ ठरली. वेल ऑगस्ट १९४३ मध्ये इंग्लंडमध्ये वारली.

उरतो नावांचा प्रश्न. अशा जुन्या छायाचित्रांखाली पुष्कळदा पथकाचे किंवा गावाचे नाव असते, बाईचे नसते. याला गुप्त सेवा म्हणणे चुकीचे होईल. नाव न लावणे हा सेविकेने स्वतः निवडायचा त्याग आहे. मथळा लिहिणाऱ्याने ते गाळले, तर त्याचे श्रेय तिच्या निरपेक्षतेला देता येत नाही. उपसमितीने सेवेत मरण पावलेल्या स्त्रियांच्या घरी पत्रे पाठवून त्यांची छायाचित्रे मागवली, तेव्हा चेहऱ्याबरोबर नावही संग्रहात आले. अशा चित्राने मृत स्त्रीला काहीच मिळणार नव्हते, त्यामुळे फलाशेचा आक्षेप इथे लागूच होत नाही. यॉर्कच्या कॅथीड्रलमध्ये १९२५ साली ‘फाइव्ह सिस्टर्स’ ही जुनी काचखिडकी युद्धात गेलेल्या स्त्रियांना अर्पण झाली. तिथे चेहरे नाहीत. ओकच्या फळ्यांवर १,४०० हून अधिक नावे आहेत.