फळीखालचा स्लॅब

कल्याणच्या पुढे, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात व्हिनाइलची फरशी घ्यायला गेलं की दुकानदार आधी शेड दाखवतो. सागवान, अक्रोड, राखाडी ओक. माझं म्हणणं असं की शेड सगळ्यात शेवटी बघावी. आपला स्लॅब किती जुना आणि पाणी दारात कुठवर येतं, हे आधी.

उल्हासनगरात मे २०२१ या एकाच महिन्यात दोन इमारतींचे स्लॅब वरून खाली कोसळले, माणसं गेली. अशा शहरात जुन्या मोझेकवर रेती-सिमेंटचा थर टाकून नवी लादी बसवायची, तर चौरस मीटरमागे शंभर किलोंच्या आसपास कायमचं ओझं चढतं. भारतीय मानकात घराच्या खोलीसाठी माणसं आणि सामान मिळून जो भार धरतात, तोच मुळी दोनशे किलोंचा! पाच मिलिमीटरची एसपीसी या प्रकारची व्हिनाइल फळी दहा किलोंत भागवते. चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी मिळून ती बनते, म्हणून कडक. डब्ल्यूपीसी या दुसऱ्या प्रकारच्या फळीचा गाभा फेसाळ. पायाला मऊ लागते, पण लोखंडी कपाटाखाली दबते. वरचा पारदर्शक थर ०.३ की ०.५ मिलिमीटर, हेही विचारावं. झीज तोच सोसतो. इमारत पंचवीस-तीस वर्षांची असेल तर मी एसपीसीच घेईन, तीही स्ट्रक्चरल ऑडिट झाल्यावर.

बदलापूरचं गणित वेगळं. वॉटरप्रूफ फळी फुगत नाही, हे खरं. पण २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली, तेव्हासारखा उल्हास नदीचा पूर घरात आला, तर पाणी सांध्यांतून, भिंतीकडच्या फटीतून खाली उतरतं आणि गाळ तिथेच बसतो. वरून सगळं लखलखीत. फळी उचलली की काळी बुरशी आणि कुबट वास. चिकटवलेली फरशी काढताना फाटते, खाचेत अडकवून बसवलेली क्लिकची सुटी होते, धुऊन-वाळवून पुन्हा बसते. नदीकाठच्या तळमजल्याला मात्र मी साधी लादीच सुचवेन.

बाथरूमच्या गळतीचा धोका तिन्ही शहरांत आहे. लादीचा सांधा काळा पडून गळती सांगतो. व्हिनाइल ती झाकतं. पाणी मुरत सळ्यांपर्यंत पोचतं, सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. कारागिराला सांगून फळ्यांची शेवटची ओळ बाथरूमच्या बाजूला घ्यावी. स्कर्टिंग काढलं की तिथून उघडता येतं. पावसाळ्यात एकदा दोन फळ्या उचलून खालच्या मोझेकवर हात फिरवून बघावा, ओल लागते का.