पिठाचा कोंबडा आणि साखरेचा हत्ती

मार्शमेलो फॉण्डंट म्हणजे केकवर पांघरायची आणि बाहुल्या घडवायची साखरेची कणीक. मार्शमेलो चमचाभर पाण्यात वितळवून त्यात वजनाने साधारण दुप्पट आयसिंग शुगर मळतात, हाताला वनस्पती तूप लावून गोळा मऊ करतात आणि हवाबंद गुंडाळून रात्रभर ठेवतात. रंगासाठी जेल रंग बरे, कारण पातळ रंगातल्या पाण्याने साखर विरघळून गोळा चिकट होतो. फिका रंग तयार गोळ्यात काडीच्या टोकाने घालून मळता येतो. गडद लाल किंवा काळा मात्र मार्शमेलो वितळलेले असतानाच मिसळावा लागतो. रंग पुढच्या काही तासांत आणखी गडद होतो, म्हणून हव्या त्या छटेच्या थोडे अलीकडेच थांबायचे. खाडीकाठच्या नवी मुंबईत पावसाळ्यात फॉण्डंटला घाम सुटतो, आणि फ्रिजमधून काढलेल्या केकवर दव जमून रंग ओघळतात.

वाशी, नेरूळ, खारघरच्या घरगुती केकवाल्यांपुढचे याहून अवघड प्रश्न गिऱ्हाइकाच्या श्रद्धेतून येतात. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने वसवलेल्या या शहरात आगरी-कोळ्यांच्या जुन्या गावांशेजारी घाटावरची कुटुंबे, घाऊक बाजाराबरोबर मुंबईहून आलेले जैन व्यापारी, मल्याळी ख्रिस्ती आणि मुसलमान राहतात. ‘एगलेस आहे’ एवढ्या उत्तराने सगळ्यांचे समाधान होत नाही.

पहिला प्रश्न द्रव्याचा. नेहमीच्या मार्शमेलोचा चिवटपणा जिलेटिनमुळे येतो, आणि जिलेटिन जनावरांची हाडे-कातडी उकळून काढतात. म्हणजे अंडे न घातलेल्या केकवरही मांसाहारी आवरण चढू शकते. मुसलमान घरात हाच प्रश्न वेगळ्या दिशेने जातो: ते जनावर कोणते आणि ते हलाल होते का? पदार्थाचे मूळ रूप पूर्ण पालटले की त्याचा हुकूमही पालटतो, असे ‘इस्तिहाला’चे तत्त्व इस्लामी धर्मशास्त्रात आहे; मात्र जिलेटिन त्यात बसते की नाही, यावर विद्वानांचे एकमत नाही. समुद्री शेवाळापासून मिळणारे चायना ग्रास किंवा कॅरॅजीनन वापरलेले मार्शमेलो घेतले की शाकाहारी आणि मुसलमान अशा दोन्ही घरांची अडचण सुटते.

रंगांतही हेच पाहावे लागते. कार्माइन (आयएनएस १२०) हा लाल रंग निवडुंगावर वाढणाऱ्या किड्यांपासून मिळतो. कार्मॉइझिन (१२२) आणि इंडिगो कार्माइन (१३२) ही नावे त्याच्यासारखी असली तरी ते कृत्रिम रंग आहेत, किड्यांशी त्यांचा संबंध नाही. २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार मांसाहारी पदार्थावर तपकिरी त्रिकोण हवा. पण मांसाहारीच्या व्याख्येतून दूध, मध, मधमाश्यांचे मेण आणि लाख वगळलेली आहेत. साखरेच्या मोत्यांना चकाकी देणारी लाख किड्यांचीच असते, आणि मध तर जैन आचारात मद्य-मांसाच्या पंगतीतच वर्ज्य आहे. हिरव्या ठिपक्याची रेष राज्यसंस्थेने आखली. श्रावकाची, म्हणजे जैन गृहस्थाची, रेष तिच्या बरीच अलीकडे आहे. पदार्थातला प्रत्येक घटक वनस्पतीचा की प्राण्याचा, हे प्रमाण कितीही कमी असले तरी जाहीर करावे, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये दिला तो यासाठीच महत्त्वाचा.

पण द्रव्य पूर्ण निर्दोष असले तरी आकाराचा प्रश्न उरतो, आणि तो अधिक खोल आहे. सोमदेवसूरींच्या ‘यशस्तिलक’ (इ.स. ९५९) या ग्रंथात आणि त्याच शतकात पुष्पदंताने अपभ्रंशात रचलेल्या ‘जसहरचरिउ’त उज्जयिनीच्या यशोधर राजाची कथा येते. आई देवीला पशुबळी द्यायचा आग्रह धरते, राजा हिंसेला नकार देतो, आणि शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून देवीपुढे कापला जातो. एकाही जिवाचे रक्त सांडलेले नसते. तरी मायलेकांना मोर आणि कुत्रा यांपासून सुरू होणारे अनेक जन्म पशुयोनीत भोगावे लागतात. कारण मारण्याचा संकल्प पूर्ण झालेला असतो, आणि जैन विचारात मनात कषाय (क्रोध-लोभासारखे विकार) उठणे हीच हिंसेची जागा आहे.

जैन तर्कात वस्तूकडे नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव अशा चार अंगांनी पाहतात. स्थापना दोन प्रकारची: मूळ वस्तूशी साम्य असलेली आणि नसलेली. राखाडी फॉण्डंटचा गोळा हा नुसता गोळा. त्याला सोंड, पांढरे सुळे आणि काळे डोळे आले की तो साम्य असलेला हत्ती होतो. ते साम्य पुरे करण्याचे काम रंग करतो.

वैदिक परंपरेने जवळपास यशोधराच्या कथेतलेच द्रव्य घेऊन उलट निर्णय दिला. मध्वाचार्यांच्या परंपरेत यज्ञात खऱ्या पशूऐवजी पिठाचा पशू मान्य आहे, आणि महाराष्ट्रात बळीच्या जागी कोहळा फोडतात. इथे प्रतिमा जीव वाचवण्यासाठी आहे, म्हणून ती पुण्यकारक. युरोपात ईस्टरला कोकराच्या आकाराचा केक भक्तिभावानेच खाल्ला जातो. सुपारीचा गणपती तर साम्याशिवायच देव होतो: आवाहनाने त्यात देव येतो, उत्तरपूजेने जातो. पेणच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी झालेली मूर्तीही प्राणप्रतिष्ठेपर्यंत शास्त्राने माती किंवा शाडूच असते, पण पाहणाऱ्याचे हात त्याआधीच जोडले जातात. त्या जोडलेल्या हातांना शास्त्राइतकेच वजन द्यायला हवे.

संकल्पाच्या कसोटीवर वाढदिवसाचा हत्ती कापणाऱ्या मुलावर यशोधराचा दोष येत नाही. यशोधराने मारण्याच्या विधीचा संकल्प केला होता. मुलाचा संकल्प गोड खाण्याचा असतो. तरी अनेक जैन घरांत प्राण्याच्या आकाराची मिठाई खात नाहीत, आणि ते योग्यच आहे: आकारावर सुरी चालवण्याची सवय भावाला बोथट करते, ही त्यामागची चिंता खरी आहे. देवाच्या प्रतिमेबाबत हरकत याहून तीव्र असते. अशा वेळी पाने, फुले, भौमितिक नक्षी यांवरच रंग खर्चावा. बाहुली हवीच असेल तर ती काडीवर उभी करून कापण्यापूर्वी उचलता येईल अशी बसवावी, आणि देवाची प्रतिमा केकवर न ठेवता शेजारी वेगळ्या पाटावर मांडावी.