घळ आणि बांध

मनुष्याचे पतन एकाएकी होते की क्रमाक्रमाने? आणि एकदा पतन झाल्यावर वर येण्याचा मार्ग उरतो काय? हा प्रश्न केवळ तत्त्वजिज्ञासूंचा नाही. ज्या घरातील मुलगा कुमार्गाला लागला आहे, ज्या घरात भाऊ भावाशी बोलत नाही, त्या प्रत्येक गृहस्थाचा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर शास्त्र देतेच. परंतु डोळे उघडे ठेवून चालणाऱ्यास सृष्टीही ते देते.

दिल्लीत मयूर विहाराजवळून वाहणारी यमुना पुढे मथुरा व आग्रा ओलांडून इटावा जिल्ह्यात जाते. तेथे तिला चंबळ, म्हणजे प्राचीनांची चर्मण्वती, येऊन मिळते. या नद्यांच्या काठी दूरवर बीहड पसरला आहे. त्यातून पायी जाणाऱ्यास सरळ वाट सापडत नाही. प्रत्येक वळणावर मातीची उंच भिंत आडवी येते. ही भूमी मूळची नापीक नव्हे. नदीने आणून घातलेली मऊ गाळमातीच ती. गवत व झाडे नाहीशी झाली की पावसाचे पाणी उघड्या मातीवर प्रथम बोटभर ओघळ पाडते. त्याचा चर होतो, चराची घळ होते, आणि घळ वरच्या टोकाने सुपीक शेताला खात मागे मागे सरकते.

श्रीगीतेच्या दुसऱ्या अध्यायात पतनाचा असाच क्रम सांगितला आहे. विषयांच्या चिंतनापासून आसक्ती, आसक्तीपासून काम, कामापासून क्रोध, क्रोधापासून मोह, मग स्मृतिभ्रंश व शेवटी बुद्धिनाश. आरंभी केवळ एक चिंतन, बोटभर ओघळ! परंतु तेथे बांध न घातल्यास तो अंतःकरणातील उत्तम भूमीच गिळीत जातो.

याच बीहडात 1960 च्या मे महिन्यात आचार्य विनोबा भावे पायी हिंडले. गीतेला ‘गीताई’च्या रूपाने मराठी घराघरांत नेणारे विनोबा त्या वेळी चौसष्ट वर्षांचे होते. मानसिंहाचा पुत्र तहसीलदारसिंह याने नैनीच्या तुरुंगातून त्यांना पत्र लिहिले होते. मेजर जनरल यदुनाथसिंह यांनी या कार्यात साह्य केले. वीस दरोडेखोरांनी विनोबांपुढे शस्त्रे ठेवली. पुढे 1972 च्या एप्रिलमध्ये जौरा येथे जयप्रकाश नारायण यांच्या प्रेरणेने फार मोठ्या संख्येने शरणागती झाली.

येथे कोणी म्हणेल, ‘ज्यांची माणसे मारली गेली, त्यांचे काय? दयेने न्यायाचा लोप होत नाही काय?’ हा आक्षेप पोकळ नाही. तो त्या वेळीही घेतला गेला. परंतु शरण आलेल्यांवर न्यायालयात खटले चालले, हे विसरता कामा नये. नवव्या अध्यायात अत्यंत दुराचारीही अनन्यभावाने भजू लागल्यास त्याला साधू समजावे असे सांगितले आहे, ते त्याचा निश्चय योग्य दिशेला वळला म्हणून. केलेले कर्म पुसले गेले म्हणून नव्हे. पडलेली घळ पूर्ववत भरत नाही. तिच्या शिरावर बांध घातला आणि उतारावर गवत रुजविले, तर तिचे वाढणे थांबते व उरलेले शेत वाचते. पश्चात्तापाचे कार्य एवढेच आहे, आणि तेवढे थोडे नाही. मृताच्या आप्तांचे दुःख त्याने भरून येत नाही. पण आणखी एका घरात तसे दुःख शिरत नाही.

म्हणून गृहस्थाने बीहड पाहण्यास चंबळेलाच गेले पाहिजे असे नाही. रात्री निजण्यापूर्वी त्याने आपल्या अंतःकरणात एक फेरी मारावी. आज कोणाविषयी कटू विचार पुनःपुन्हा घोळविला? कोणाच्या धनाकडे मन वारंवार वळले? जेथे ओघळ दिसेल तेथे लगेच नामस्मरणाची माती घालावी, आणि ज्याचे मन दुखावले त्याच्याकडे सकाळी स्वतः चालत जावे. आणि घरातील कोणी घळीत उतरलाच असेल, तर त्याच्या अपराधावर पांघरूण घालू नये, पण त्याची परतीची वाटही बुजवू नये. बांध घालण्यास उशीर झाला असेल. परंतु पुढचा पाऊस अजून यावयाचा आहे.