प्रमाद हीही हिंसाच



आपण पंचशील ग्रहण करतो. त्यातले पहिले शील प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे आहे. आता एक प्रश्न स्वतःला विचारा. तुम्ही फुटलेला पेला तसाच कचऱ्यात टाकला. सकाळी कचरा उचलणाऱ्या बाईचा तळहात त्याने फाटला. तिला इजा करण्याचा विचारही तुमच्या मनात नव्हता. मग तुमचे शील मोडले की नाही?

कोणी म्हणेल, तथागतांनी चेतनेलाच कर्म म्हटले आहे. हेतू नाही तिथे दोष कसला? हे अर्धेच खरे आहे. त्याच तथागतांनी अप्रमाद, म्हणजे जागरूकता, हे सर्व कुशल धर्मांचे मूळ मानले. नकळत झालेली चूक वेगळी आणि कळत असून केलेली हयगय वेगळी. आपला कचरा कोणाच्या तरी हातातून जातो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला 'माझा हेतू नव्हता' म्हणून सुटता येत नाही.

त्या हातांवर काय बेतते? वापरलेली सुई टोचली तर हिपॅटायटिस बी. गंजका पत्रा लागला तर धनुर्वात. पावसाळ्यात उंदरांच्या मुताने दूषित झालेले पाणी पायाच्या भेगेतून शिरले तर लेप्टोस्पायरोसिस. गटारातला हायड्रोजन सल्फाइड तर फारच कपटी. थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो. वाढला की नाकाची शक्तीच बधिर होते आणि माणसाला वाटते, वायू गेला. तिथे तोंडावर बांधलेला रुमाल काहीच अडवत नाही.

संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवले. कचरा कामगारांना हातमोजे, बूट, मास्क, रेनकोट मिळतील हे पाहण्याची जबाबदारी २०१६ च्या नियमांनी नगरपालिका-महानगरपालिकांवर टाकली. तरीही गटारातले मृत्यू थांबले नाहीत. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. मोजे मिळाले तरी मापाचे नसतात. पकड सुटते, ओले झाले की खाज येते. कामगार ते काढून ठेवतो आणि मुकादम म्हणतो, "दिले होते, यांनाच नकोत." हाताचे माप न घेता मोजे वाटणे हाही प्रमादच!

येथे एक शंका येते. हातमोजे मागणे म्हणजे झाडू कायमचा पत्करणे नव्हे काय? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात राजगृहाच्या सुनीत झाडूवाल्याची कथा दिली आहे. तथागतांनी त्याच्या झाडूची थोरवी गायिली नाही. त्याला संघात घेतले. जन्माने गळ्यात पडलेल्या धंद्यातून सुटका, हेच आपले ध्येय. पण मुलीला शिकवून बाहेर काढायचे तर आज आईचे हात शाबूत हवेत. मोजे आजसाठी, शाळा उद्यासाठी. यात विरोध नाही.

म्हणून आजपासून एवढे करा. काच जाड कागदात गुंडाळा आणि वर 'काच' लिहा. सुई झाकणाच्या घट्ट बाटलीत ठेवा. वापरलेले पॅड गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा; पुण्यातील 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक भगिनींनी हीच खूण मागितली आहे. घरात कोणी सफाई कामगार असेल तर त्याला विचारा: हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस झाली का? बूट मापाचे आहेत का? नसतील तर एकट्याने नव्हे, संघटनेने मागा. शील ओठांवर असते तसे ते कचऱ्याच्या डब्यातही दिसले पाहिजे.