अन्नवस्त्रापुढचा वाटा

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारशातून वगळायच्या माणसांची यादी आहे. त्यात जन्मांध, बहिरा, मुका, वेडा असे सगळे येतात. बापाच्या मालमत्तेत त्यांना वाटा नाही. लगेच पुढच्या श्लोकात मात्र त्यांना जन्मभर यथाशक्ती अन्नवस्त्र द्यावे, न देणारा पतित होतो, असे बजावले आहे. पहिल्या श्लोकाचा आपल्याला राग येतो आणि दुसऱ्याचे आपण कौतुक करतो, पण दोन्हींमागचा विचार एकच आहे: अपंगाच्या पोटाची काळजी घ्यावी, घरात मात्र त्याचे स्वतःचे काही असू नये. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २८व्या कलमाने १९५६ साली व्यंग किंवा रोग या कारणावरून वारसा नाकारणे बंद केले. कुटुंबातला दिव्यांग आज भावंडांच्या बरोबरीचा वाटेकरी आहे. पण ज्याला कुटुंब नाही, किंवा ज्याला कुटुंबाने सोडले, त्याचे घर म्हणजे निवासी संस्था. तिथे आपण अजून त्या दुसऱ्या श्लोकापाशीच थांबलो आहोत.

इतरांना जागेवरून हलवताना कायदा काय अट घालतो, ते आधी पाहू. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याची मुदत संपली तरी घरमालकाला जागा परत मिळवण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. मुंबईच्या पदपथावर झोपणाऱ्यांना तिथे राहण्याचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५च्या ओल्गा टेलिस खटल्यात म्हटले, पण त्यांना उठवण्याआधी त्यांचे म्हणणे ऐकायला हवे, हेही त्याच निकालात मान्य केले. आता २०१६चा दिव्यांग हक्क कायदा पाहा. त्याच्या ५२व्या कलमानुसार संस्थेची नोंदणी रद्द करण्याआधी नोंदणीधारकाला कारण दाखवण्याची संधी द्यावी लागते. नोंदणी रद्द झाली की तिथल्या निवाशांना आईवडील, जोडीदार वा पालकांच्या ताब्यात द्यावे किंवा दुसऱ्या संस्थेत हलवावे, असा आदेश देता येतो. ज्याची खाट उचलली जाणार, त्याला विचारण्याची अट या कलमात नाही. अनाथ दिव्यांगांची स्थिती आणखी बिकट आहे. बालगृहाचे दार अठराव्या वर्षी बंद होते. पुढची अनुरक्षणाची सोय साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि ती मुलाने तोवर स्वतःच्या पायावर उभे राहावे या हिशेबाने केलेली. ज्याला आयुष्यभर मदत लागणार आहे, त्याचे बौद्धिक अपंगत्व वाढदिवसाला संपत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर अशा मुलांना अठरानंतरही त्याच घरी राहू देणारा कायदा करा, असे वर्षानुवर्षे सांगत आहेत. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची मागणी मान्य होण्याचे मोल त्या सन्मानाहून मोठे आहे.

संस्था दयेवर चालतात, निवाशांना हक्क दिले तर उद्या कुणी आश्रम काढणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो प्रामाणिक आहे, कारण अनेक संस्था खरोखरच देणग्यांवर आणि थकलेल्या अनुदानावर तग धरून आहेत. पण शरणागताचा धर्म आपल्या परंपरेने काय सांगितला आहे, ते पाहावे. शरण आलेल्या कबुतराला वाचवणाऱ्या शिबी राजाच्या कथेत ससाण्याची भूक खोटी नव्हती, आणि राजानेही ती नाकारली नाही. त्याने तिची किंमत स्वतःच्या मांसाने चुकवली, कबुतराच्या नाही. संस्थेची अडचण ससाण्याच्या भुकेइतकीच खरी आहे. तिची भरपाई शासनाने आणि समाजाने करायची आहे, सर्वांत दुबळ्या निवाशाच्या डोक्यावरचे छप्पर काढून नव्हे. आश्रय दिल्यानंतर देणाऱ्याची मर्जी हा त्या आश्रयाचा आधार राहत नाही, असेच ही कथा सांगते.

एखादा निवासी इतरांना मारतो, त्याचे काय, हा प्रश्न अधिक अवघड आहे. मार खाणाराही दिव्यांगच असतो आणि त्याची सुरक्षितता दुय्यम मानता येणार नाही. त्या रात्री दोघांना वेगळे ठेवावे, उपचार बदलावेत, कर्मचारी वाढवावेत. हे सगळे करूनही स्थलांतर अटळ ठरले, तर दुसरी जागा आधी ठरावी. भांडखोर भाडेकरूलाही रातोरात रस्त्यावर काढण्याची मुभा घरमालकाला नाही. काही कार्यकर्ते वेगळाच मुद्दा मांडतात: दिव्यांग हक्क कायद्याचे पाचवे कलम समाजात राहण्याचा हक्क देते, मग संस्थेतली जागा पक्की करून आपण माणसांना तिथेच खिळवत नाही का? नाही. स्वतःच्या इच्छेने बाहेर पडणे आणि दुसऱ्याच्या इच्छेने बाहेर काढले न जाणे, या दोन्हींत कुठे राहायचे हे ठरवणारा निवासीच असतो. ज्याला बोलून सांगता येत नाही, त्याच्या सोबत त्याला ओळखणारा, संस्थेच्या पगारावर नसलेला माणूस बसावा.

२०२२ साली स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन करणाऱ्या महाराष्ट्राने आपल्या नियमांत एवढे तरी लिहावे: लेखी नोटीस आणि निवाशाची सुनावणी झाल्याशिवाय, आणि त्याने पाहिलेली दुसरी जागा तयार असल्याशिवाय, कोणत्याही दिव्यांगाला त्याच्या संस्थेतून हलवता येणार नाही, मग तो अठरा वर्षांचा असो की साठ.