चौथ्या फळीतला खेळाडू

पहिल्याच सीझनमध्ये मी १३१ गोल केले. म्हणजे मी नाही, माझं आडनाव पाठीवर घेऊन बर्फावर पळणाऱ्या अठरा वर्षांच्या पोराने. गेम होता एनएचएलचा, मोड 'बी अ प्रो'. २००८ साली 'एनएचएल ०९'बरोबर आलेल्या या मोडमध्ये अख्खी टीम तुमच्या हातात नसते, एकच खेळाडू असतो आणि त्याचं करिअर तुम्ही घडवायचं असतं.

खऱ्या आइस हॉकीत एका सीझनचा विक्रम ९२ गोलांचा आहे. वेन ग्रेट्झ्कीने तो १९८१-८२ मध्ये केला आणि आजवर कुणी मोडलेला नाही. मी तो सोफ्यावर लोळत, एका हातात वेफर्सचं पाकीट धरून मोडला होता. ट्रॉफी उचलताना पोरगा आनंदाने नाचत होता आणि मी मोबाइल चाळत होतो.

मग मी लेव्हल वाढवली. आठवडाभर सपाटून मार खाल्ला, नंतर हात बसला आणि पुन्हा गोलांचा पाऊस. तेव्हा लक्षात आलं, की अवघड आणि खरं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेव्हल वाढली की राक्षस मोठा होतो, पण राजपुत्र मीच राहतो. खऱ्या जगात मुळात गोष्ट माझ्याबद्दल नसते.

म्हणून स्लायडर हातात घेतले. खरे गोलकीपर शंभरातले साधारण नव्वद फटके अडवतात, माझ्यासमोरचेही तसेच अडवू लागतील अशी सेटिंग शोधली. खरा फॉरवर्ड पाऊणएक मिनिट जीव तोडून पळतो आणि बेंचवर येऊन बसतो. मीही बसायचं ठरवलं. आणि एक नियम घातला: हरत आलेली मॅच मध्येच बंद करून पुन्हा सुरू करायची नाही. आता मी चौथ्या फळीत आहे. ८२ मॅचच्या गेल्या सीझनमध्ये माझे गोल किती? नऊ.

रूममेट म्हणाला, "दिवसभर ऑफिसात बेंचवर बसतोस, रात्री पैसे मोजून परत बेंचवरच? डोकं ठिकाणावर आहे ना?"

प्रश्न चेष्टेचा होता, पण टाळता येईना. बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने १९७८च्या 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळाची व्याख्या केली होती. तिचा आशय असा, की गरज नसलेले अडथळे आपणहून स्वीकारणं म्हणजे खेळ. गोल्फचा चेंडू हाताने उचलून खड्ड्यात टाकणं केव्हाही सोपं, पण तसं केलं तर गोल्फच उरत नाही. हे पटतं. पण याने फक्त अडथळ्याचं उत्तर मिळतं, बेंचचं नाही.

बेंचवर बसल्यावर पहिल्यांदा मी मॅच पाहिली. आमचा एक डिफेन्समन दर वेळी अंगावर फटका झेलतो, हे १३१ गोलांच्या सीझनमध्ये मला दिसलंच नव्हतं. तेव्हा बाकीचे मला पास देण्यापुरते होते. पावेल दात्स्युकची १९९८च्या ड्राफ्टमध्ये १७१व्या क्रमांकावर निवड झाली आणि पुढे तो महान झाला, हा किस्सा आपण आवडीने सांगतो. त्याच्या आगेमागे निवडलेल्या पोरांची नावं आपल्याला सांगता येतील का? आपल्याला सामान्य माणसाची गोष्टसुद्धा तो शेवटी असामान्य निघाला तरच चालते.

इथे एक कबुली द्यायला हवी. माझा बेंच खोटा आहे. खऱ्या चौथ्या फळीतल्या खेळाडूला उद्या आपण टीममध्ये असू की नाही याची धास्ती असते. माझ्या हातात स्लायडर आहे. हौसेने निवडलेली अडचण आणि वाट्याला आलेली अडचण यांची बरोबरी होत नाही. गेम अवघड करून खेळलो म्हणून मला कष्ट कळले, असं म्हणणं उद्धटपणाचं होईल.

आणि स्लायडर हातात असण्याची किंमत परवा कळली. सलग अकरा मॅच एकही गोल नाही. रात्रीचा एक वाजलेला. मी मेनू उघडला, गोलकीपरचा स्लायडर दोन घरं खाली ओढला. पुढच्याच मॅचमध्ये पक जाळ्यात. टीममेट्स धावत आले, हेल्मेटवर थापा मारू लागले. मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांना वाटत होतं मी गोल केला. गोलकीपरला बाजूला कुणी केलं, हे फक्त मला माहीत होतं.

हे सगळे नुसते पिक्सेल, कुणाची फसवणूक झाली नाही, कुणाचं नुकसान नाही. तरी लाज वाटली. दिलेला शब्द मोडला होता आणि तो घेणाराही मीच होतो.

स्लायडर परत वर नेला. तो गोल मी माझ्या मोजणीत धरत नाही. काल पुन्हा शून्य. पण तिसऱ्या पिरियडमध्ये पास माझा होता.