एकट्या माणसाचा धक्का

बेटावर एकटा माणूस म्हटले की वेळच वेळ, असे मुंबईच्या लोकलमध्ये लोंबकळणाऱ्याला वाटते. माडाची सावली, समोर निळे पाणी, उशाला पुस्तक. टॉम नील यांच्या वाट्याला यातले फारसे काही आलेच नाही.

प्रशांत महासागरातल्या कुक बेटांमध्ये सुवॉरो हे कंकणाकृती प्रवाळबेट आहे, रारोटोंगापासून नऊशेहून अधिक किलोमीटरवर. न्यूझीलंडचे नील तिथे 1952 च्या ऑक्टोबरात उतरले तेव्हा पन्नाशीला टेकले होते. सोबत दोन मांजरे. राहायला झोपडी आयती मिळाली. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या जहाजांवर नजर ठेवणारे टेहळे ती सोडून गेले होते. पावसाचे पाणी साठवायच्या टाक्याही त्यांच्याच. म्हणजे या एकांताचा पाया दुसऱ्यांनी घातलेला होता. विरक्तांच्या कथांमध्ये हा तपशील सहसा गळतो.

मग कामे सुरू झाली. रानटी झालेल्या कोंबड्या माणसाळवायच्या, भाजीचा वाफा करायचा, तो उकरणाऱ्या डुकरांना भाल्याने मारायचे. मासे धरायचे, चूल पेटवायची. बंदा दिवस संपायचा.

पण या सगळ्यात एक काम कोड्यात टाकणारे आहे. 1942 च्या वादळात बेटावरचा जुना धक्का उद्ध्वस्त झाला होता. नील यांनी तो पुन्हा बांधायला घेतला. प्रवाळाचे जड दगड एकेक करून वाहून आणायचे, रचायचे. रोज काही तास, असे सहा महिने. तो पुरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी वादळाने वाहून नेला.

धक्का कशाला लागतो? होड्या लागायला. स्वतःची एक लहान होडी वाळूवर ओढून ठेवता येते. माणसांपासून इतक्या दूर गेलेला माणूस माणसे उतरण्याची जागा बांधत होता! मराठीत एकांत आणि एकटेपणा असे दोन शब्द आहेत. त्या दोहोंमधली सीमा कुठे असेल, तर ती बहुधा अशाच एखाद्या धक्क्यावरून जात असेल.

1954 च्या मे महिन्यात होडीचा नांगर टाकताना त्यांची पाठ अशी धरली, की झोपडीपर्यंत परतणेही मुश्किलीचे झाले. तिथे ते जवळजवळ निश्चल पडून राहिले. काही दिवसांनी एक यॉट योगायोगाने तिथे आली. त्यावरच्या दोघा अमेरिकनांनी त्यांची शुश्रूषा केली, म्हणून ते वाचले.

त्यानंतर त्यांना बेट सोडावे लागले. तरी 1960 मध्ये ते तिथे परत गेले, 1963 अखेरपर्यंत राहिले. 1966 साली या वास्तव्यावरचे त्यांचे पुस्तक निघाले आणि एकांताचा पत्ता जगजाहीर झाला. 1967 पासूनच्या तिसऱ्या मुक्कामात यॉटवाले मुद्दाम वाट वाकडी करून त्यांना भेटायला येऊ लागले.